घडीची नावं

रावेरच्या केळीच्या खोक्यात भरतेय
एकतीस वर्षांच्या नावपाट्या.
पांढऱ्या कार्डशीटच्या, मधोमध दुमडलेल्या,
प्रशिक्षणार्थींच्या पुढ्यात तीन दिवस उभ्या राहणाऱ्या.
कपाट सोमवारपर्यंत रिकामं करायचंय.
शिपाई युवराज विचारतो, रद्दीत देऊ का मॅडम?
मी म्हणते, थांब जरा.

लुकमान तडवी, वर्कशॉप, भुसावळ.
मागच्या बाजूला त्यानं इंजिन काढलंय,
मी संघभावनेवर बोलत असताना.
चाकं बरोबर मोजून.

सुलोचना भंगाळे, सहकारी बँक, फैजपूर.
तिचं आडनाव मी दोन दिवस चुकीचं लिहिलं.
तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या हातातून मार्कर घेतला,
'भ' दुरुस्त केला, जागेवर जाऊन बसली,
आणि त्या वर्गात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

शिकवलं काय मी?
मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत,
कूलरच्या आवाजावर आवाज चढवून
'ऐकून घेण्याचं महत्त्व'.
खिडकीतून गिरणेचं पात्र दिसायचं,
वाळूचे डंपर, आणि पाणी असलं तर पाणी.

अभिप्रायाचे फॉर्मही आहेत. एक ते पाच, गोल करा.
'विषय चांगला, वेळ कमी.'
'शेवभाजीला तर्री अजून हवी होती.'
'मॅडम आम्हाला बोलू देत नाहीत.'
हा शेवटचा बिनसहीचा, दोन हजार चारचा.
तो पर्समध्ये असतो.

धरणगावच्या जिनिंगला रचना हवी होती.
मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून आलेला,
चहा स्वतः ओतायचा, 'आप' म्हणायचा कामगारांना.
मी तक्ता काढला. वर एक चौकट, खाली तीन,
त्यांच्या खाली नऊ.
काट्यावरचा माणूस कुठेच बसेना.
धुडकू बोरसे. कापूस मुठीत दाबून ओल सांगायचा.
ओल मोजायचं यंत्र मागवलेलंच होतं.
मी रेघ मारली. पेन्सिलीनं.
टाईप होऊन आली तेव्हा ती पेन्सिलीची राहिली नव्हती.
मानधन वेळेवर आलं,
सोबत पत्र: 'अत्यंत उपयुक्त.'

सहा वर्षांनी अमळनेर स्टँडवर
भाजलेल्या शेंगांची गाडी, आणि मागे तो.
त्यानंच ओळखलं.
'बसा मॅडम, गाडीले येळ शे.'
पावशेर मोजल्या. पारडं माझ्याकडे थोडं झुकतं ठेवलं,
पैसे मात्र पूर्ण घेतले.
मी वाट बघत होते, आता बोलेल.
तो म्हणाला, 'मालकना पोऱ्या बरा शे ना?'
जिनिंगला कुलूप लागून वर्ष झालं होतं.
ते त्याला ठाऊक नसेल असं कसं होईल?
मी म्हटलं, मला माहीत नाही.
एसटी आली. शेंगा जळगावपर्यंत गरम होत्या.

तेव्हापासून कुठल्याही कंपनीत गेले
की तक्त्याच्या आधी विचारते,
तुमच्याकडे काट्यावर कोण बसतं?
दाल मिलवाले सांगतात, पाइपवाले गोंधळतात.
लोक म्हणतात, ही मॅडमची पद्धत.
दोन सहकाऱ्यांनी ती उचललीसुद्धा,
त्यांच्या स्लाइडवर आता तराजूचं चित्र असतं.

खोक्यात धुडकू बोरसेची पाटी नाही.
तो वर्गात आलाच नव्हता कधी.
फी ज्यांची भरली जाते, ते येतात.

युवराज एक पाटी उलगडून बघतो.
एकोणीस वर्षं त्यानं या खोलीत खुर्च्या लावल्या,
माझं दुसरं सत्र त्याला विनोदांसकट पाठ आहे.
'मॅडम, आतून कोऱ्या आहेत या.
पोरीला चित्रांना चालतील.'

घेऊन जा, म्हणते.
लुकमानचं इंजिन तेवढं काढून घेते.

तो खोकं खांद्यावर टाकतो, जिना उतरतो.
खोक्यावर बाण छापलाय, ही बाजू वर.
बाण खाली बघतोय.
हाक मारावी म्हणते,
पण तो पोचलाय तळमजल्यावर,
कुणाला तरी सांगतोय,
मॅडमनी दिल्या.